घर विकण्यापूर्वी एक हिवाळा तिथे काढा

“बाबा, आता तिथं दोघंच कशाला राहता? घर काढून टाका आणि कायमचे इकडे या.” रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर होणारा हा संवाद शिरूर आणि दौंडमधल्या अनेक घरांना ओळखीचा झाला आहे. शाळेत, रेल्वेत, रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यांत नोकरी करून आई-वडिलांनी मुलांना शिकवले. ती मुले आता न्यू जर्सी, टोरांटो, लंडन किंवा दुबईत स्थिरावली. इकडे आई-वडील साठी-सत्तरीत आले. मुलांची काळजी खरी असते, नातवंडांची ओढही खरी असते. अवघड असतो तो निर्णय.

हा निर्णय घेताना व्हिसा, विमानाचे तिकीट आणि घराला येणारी किंमत यांची बारकाईने चर्चा होते. प्रकृतीचा विषय मात्र ‘तिकडे डॉक्टर चांगले असतात’ एवढ्या एका वाक्यात संपतो. खरे तर साठीनंतर कुठे राहायचे, हा सगळ्यात आधी आरोग्याचा प्रश्न आहे. आज धडधाकट असताना कुठे आवडेल हे बघून भागत नाही. अंथरुणाला खिळल्यावर कुठे निभावेल, हेही बघावे लागते.

पहिली भेट फसवी असते

बहुतेक आई-वडील पहिल्यांदा जातात ते मे-जूनमध्ये. तेव्हा तिकडे लख्ख ऊन असते, रस्ते स्वच्छ असतात, मुलाने सुट्टी काढलेली असते. तीन महिने मजेत जातात आणि ‘इथेच राहावे’ असे वाटू लागते. पण डिसेंबर-जानेवारीत टोरांटोचे तापमान शून्याखाली जाते आणि चार-पाच वाजताच अंधार पडतो.

थंडीत त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. त्यामुळे इथे एका गोळीवर आटोक्यात असलेला रक्तदाब तिकडे हिवाळ्यात वर सरकू शकतो. हृदयविकार असणाऱ्यांना कडाक्याच्या थंडीत जास्त जपावे लागते. बर्फावरून पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले, तर सत्तरीतल्या माणसाचे पुढचे आयुष्यच बदलते.

दुसरा मुद्दा उन्हाचा. शिरूर-दौंड हा कमी पावसाचा आणि भरपूर उन्हाचा भाग आहे. लंडन किंवा टोरांटोत हिवाळ्याचे काही महिने उन्हातली अतिनील किरणे इतकी क्षीण असतात की, त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व जवळपास तयारच होत नाही. आपल्या सावळ्या त्वचेला तर ते तयार करायला जास्त ऊन लागते. ब्रिटनमध्ये शरद आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व घेण्याचा सल्ला सर्वांनाच दिला जातो. सावळ्या त्वचेच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा, असेही सांगितले जाते.

तिसरा मुद्दा चालण्याचा. इथे दूध आणायला, देवळात, आठवडे बाजाराला जाताना नकळत दोन-तीन किलोमीटर चालणे होते. अमेरिकेतल्या अनेक उपनगरांत मोटारीशिवाय दुकानही गाठता येत नाही. ज्यांना तिथे गाडी चालवता येत नाही, ते दिवसभर सोफ्यावर बसून राहतात. मग साखर वाढते, गुडघे आखडतात आणि झोप बिघडते.

गोळ्या तीच, नावे वेगळी

आपण क्रोसिन किंवा डोलो म्हणतो त्या गोळीतले औषध पॅरासिटामॉल. अमेरिकेत त्याच औषधाला ॲसिटामिनोफेन म्हणतात. दोन वेगळी औषधे समजून दोन्ही घेतली, तर मात्रा दुप्पट होते आणि यकृताला इजा होऊ शकते. मधुमेहाची दोन-तीन औषधे एकत्र असलेली जी गोळी इथे सहज मिळते, ती तिकडे त्याच रूपात मिळेलच असे नाही. निमेसुलाइडसारखे आपल्याकडे सर्रास घेतले जाणारे वेदनाशामक अमेरिकेत, ब्रिटनमध्ये विकलेच जात नाही. संयुक्त अरब अमिरातीत ट्रामाडोल किंवा कोडीन असलेली औषधे परवानगीशिवाय नेणे हा गुन्हा ठरू शकतो. म्हणून प्रत्येक गोळीच्या ब्रँडचे नव्हे, तर मूळ औषधाचे नाव आणि मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्यावी.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. भारतात इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्यांत एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट असतात आणि त्यासाठी ४० युनिटचीच सिरिंज मिळते. अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमध्ये मात्र नेहमीच्या इन्सुलिनमध्ये एका मिलिलीटरमध्ये १०० युनिट असतात. इथून नेलेल्या ४० च्या सिरिंजने तिथले १०० चे इन्सुलिन २० च्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात २० नव्हे, ५० युनिट जातात. साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो, जिवावरही बेतू शकते. बाटली बदलली की सिरिंज बदललीच पाहिजे. इन्सुलिन पेनमध्ये भारतातही १०० युनिटचीच कार्ट्रिज वापरतात. त्यामुळे जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून पेनवर येणे सोयीचे ठरते.

साखर मोजण्याचे एककही बदलते. ब्रिटन आणि कॅनडात ग्लुकोमीटरवर ‘१०’ दिसले, तर घाबरून लगेच पेढा तोंडात टाकू नये. तिथले १० म्हणजे आपल्याकडचे १८०. तिथल्या आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो.

विमा हाच खरा व्हिसा

कायदेशीर वास्तव्य मिळाले म्हणजे उपचार मिळाले, असे होत नाही. अमेरिकेत ज्येष्ठांसाठी मेडिकेअर ही सरकारी योजना आहे. मुलाने ग्रीन कार्ड मिळवून दिलेल्या आई-वडिलांना, वयाची ६५ वर्षे पूर्ण आणि तिथे सलग ५ वर्षांचे वास्तव्य झाल्यावरच त्या योजनेत येता येते. तिथे नोकरी केलेली नसल्याने रुग्णालयाच्या भागासाठीही हप्ता भरावा लागतो. मधल्या पाच वर्षांची सोय आधीच करून ठेवावी लागते. ‘सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे’ हा मार्गही वाटतो तितका सोपा नाही. वर्षाहून अधिक काळ अमेरिकेबाहेर राहिल्यास ग्रीन कार्डच धोक्यात येते.

कॅनडाच्या सुपर व्हिसावर आई-वडिलांना एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येते. पण त्यासाठी किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. ब्रिटनने २०१२ पासून हा दरवाजा फारच अरुंद केला आहे. रोजच्या कामांसाठीही दुसऱ्याची मदत लागते आणि ती मदत पैसे देऊनही मायदेशी मिळू शकत नाही, हे आई-वडिलांच्या बाबतीत सिद्ध करावे लागते.

पाहुणे म्हणून जाणाऱ्यांच्या विम्यात तर आधीपासूनचे आजार बहुधा वगळलेले असतात किंवा त्यांवर कडक मर्यादा असते. पंधरा वर्षांचा मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत हृदयापासून किडनीपर्यंत बरेच काही या वगळलेल्या यादीत जाऊ शकते. अशा वेळी रुग्णालयाचे बिल मुलाच्या खिशातून जाते. मग ‘त्याला खर्च नको’ म्हणून छातीतली कळ लपवणारे वडील आणि दुखणे अंगावर काढणारी आई हा सगळ्यात मोठा धोका बनतो.

इकडे ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार २९ ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले. दौंडसारख्या जंक्शनच्या गावातल्या निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांना रेल्वेची आरोग्य योजना असते. हे आधार परदेशात चालत नाहीत, हे हिशेबात धरावे.

दुखणे सांगायचे कोणत्या भाषेत?

‘पोटात कळ येते’, ‘पोटात आग पडते’ आणि ‘पोट गच्च होते’ या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. इथला डॉक्टर त्यांतला फरक ऐकताक्षणी ओळखतो. तिकडे दुभाषा मागण्याचा हक्क अनेक रुग्णालयांत असतो आणि तो न लाजता वापरावा. आजीच्या लघवीची तक्रार दहा वर्षांच्या नातवाने इंग्रजीत सांगावी, ही वेळ येऊ देऊ नये.

स्मृतिभ्रंशात हा प्रश्न आणखी गंभीर होतो. अशा रुग्णांत नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी पुसट होते आणि आईची भाषा शेवटपर्यंत टिकते. आयुष्यभर उत्तम इंग्रजी बोललेला शिक्षकही शेवटी मराठीतच पाणी मागू शकतो. तेव्हा घरात ते समजणारे कोणी असेल का?

गावही बिनधोक नाही

याचा अर्थ इथेच राहावे असा नाही. पक्षाघाताच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. शिरूर आणि दौंडपासून पुणे सत्तर-ऐंशी किलोमीटर, त्यात वाघोलीची कोंडी. घरात दोघेच असतील आणि एक पडला, तर दुसऱ्याने उचलायचे कसे, हा प्रश्न मुलांना रात्री जागे ठेवतो आणि तो रास्तच आहे. जोडीदार गेल्यावर मागे राहिलेल्याचे एकटेपण गावातही असते.

म्हणून मुलांनी आणि आई-वडिलांनी समोरासमोर बसून पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. एक, आजचे आजार विम्यात बसतात का? दोन, रोजची औषधे तिथे कोणत्या नावाने आणि किती रुपयांना मिळतील? तीन, दिवसभर घरी कोण असेल? चार, चालायला आणि मराठीत बोलायला जागा आहे का? पाच, दोघांपैकी एक गेला, तर दुसरा कुठे राहील? पाचवा प्रश्न कोणालाच काढवत नाही, पण तोच आधी काढायला हवा.

उत्तरे मिळाल्यावरही घाई नको. एक पूर्ण हिवाळा तिथे राहून बघावा. तोवर गावातले घर विकू नये, शेत मोडू नये, डॉक्टरांची फाइल बंद करू नये. राहायचे ठरले, तर आनंदाने राहावे. नाही जमले, तर परत यायला स्वतःचे दार असावे. मग परतून आल्यावर शेजाऱ्याकडे घराची एक किल्ली, १०८ चा क्रमांक भिंतीवर आणि पुण्यातले रुग्णालय आधीच ठरवलेले, एवढी तयारी मुलांना परदेशातूनही करून देता येते.