हवेचा ताळेबंद

रायपूरच्या जुन्या वस्तीतील गोल बाजारात सकाळी दुकान उघडल्यावर पहिले काम असते ते फडक्याने गल्ला, तराजू आणि बरण्या पुसण्याचे. ही धूळ डोळ्यांना दिसते, बोटाला लागते आणि पुसलीही जाते. आरोग्याला अधिक धोका मात्र न दिसणाऱ्या कणांपासून असतो.

माणसाच्या केसाची जाडी साधारणतः ५० ते ७० मायक्रॉन असते. ज्यांचा व्यास २.५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी आहे, अशा कणांना पीएम २.५ म्हणतात. वाहनांचा धूर, जळणारा कचरा, कोळसा वापरणारे कारखाने ही त्यांची प्रमुख उगमस्थाने होत. नाक व घसा मोठी धूळ अडवितात; हे कण मात्र थेट फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतील काही रक्तातही मिसळतात. त्यामुळे दम्याइतकाच हृदयविकार व पक्षाघात यांच्याशीही त्यांचा संबंध आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत रायपूर येथील पीएम २.५ चे वार्षिक प्रमाण घनमीटरमागे १३४ मायक्रोग्रॅम इतके नोंदले गेले होते. भारताची वार्षिक मर्यादा ४० आहे. पुढे २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात रायपूरचा समावेश झाला.

सामान्य नागरिकास हवेची स्थिती सहज कळावी, यासाठी एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय वायू गुणवत्ता निर्देशांक सुरू झाला. त्यात आठ प्रदूषकांचा विचार होतो. मोजलेल्या प्रत्येक प्रदूषकाचा उपनिर्देशांक काढला जातो आणि त्यांतील सर्वांत मोठा आकडा हाच त्या ठिकाणचा निर्देशांक ठरतो. ५० पर्यंत हवा चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत खराब, ४०० पर्यंत अत्यंत खराब आणि त्यापुढे गंभीर मानली जाते. मध्यम श्रेणीतच दमेकरी, हृदयरोगी, मुले व वृद्ध यांना त्रास संभवतो; गंभीर श्रेणीत निरोगी व्यक्तीही सुटत नाही.

हा आकडा वाचताना मात्र दोन गोष्टींचे भान हवे. पहिली, पीएम २.५ साठी तो चोवीस तासांच्या सरासरीवर आधारलेला असतो आणि केंद्राच्या परिसराचा असतो. अरुंद गल्लीत, गर्दीच्या वेळी, दुचाक्यांच्या धुरात दहा तास बसणाऱ्या दुकानदाराची किंवा ओझे वाहताना जोराने श्वास घेणाऱ्या हमालाची हवा त्याहून वाईट असू शकते. दुसरी, ‘समाधानकारक’ म्हणजे निर्धोक नव्हे. या श्रेणीत पीएम २.५ चे प्रमाण ६० पर्यंत असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेली चोवीस तासांची मर्यादा १५ आहे.

हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत अडकून राहते व प्रदूषके वर विरत नाहीत. अशा दिवसांत निर्देशांक पाहून पहाटेचे फिरणे पुढे ढकलावे, दुकान कोरडे झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, कचरा जाळू नये. साध्या रुमालाने सूक्ष्म कण अडत नाहीत. त्यासाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा लागतो. खोकला वा धाप रेंगाळल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

दिवसाअखेर गल्ल्याचा हिशेब न चुकता जुळविणाऱ्या व्यापाऱ्याने श्वासाचाही हिशेब ठेवावा. या खात्यात रोज जमा होणारे फार थोडे असते. परंतु ते वर्षानुवर्षे साचत जाते.