आश्रयस्थानांची नावे : ‘अनाथ’ ते ‘स्वाधार’

स्त्रियांच्या पुनर्वसनाचा विचार करताना संस्थांच्या नावांकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. वास्तविक, संस्था आश्रितेकडे कोणत्या दृष्टीने पाहते हे प्रथम नावातच उमटते. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत काढलेल्या ‘शारदा सदना’च्या नावात ‘विधवा’ हा शब्द नाही. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात स्थापिलेल्या ‘अनाथ बालिकाश्रमा’च्या नावातही नाही. तथापि दोहोंचे मार्ग भिन्न आहेत. रमाबाईंनी विद्यादेवतेचे नाव घेऊन वैधव्य बाजूस ठेविले. कर्व्यांच्या नावात ते झाकलेले आहे. ‘नाथ’ म्हणजे स्वामी, पती. म्हणून आईबाप हयात असलेली बालविधवाही ‘अनाथ’च. व्यवहारातील मराठीने हा अर्थ आता जवळजवळ टाकला आहे.

‘निराधार’ हाही असाच अभाववाचक शब्द. केंद्र शासनाच्या ‘स्वाधार’ योजनेने ‘निर्’ काढून तेथे ‘स्व’ बसविला. हा पालट व्याकरणापुरताच होता काय, हे मुदतीवरून ताडावे. ‘स्वाधार गृहा’त कौटुंबिक हिंसेने पीडित स्त्रीस एक वर्षापर्यंत, इतरांस सामान्यतः तीन वर्षांपर्यंत राहता येई. तेवढ्यात अन्न, निवारा, कायद्याचे साहाय्य व व्यवसायशिक्षण मिळे. भाड्याच्या खोलीपुरती कमाई उभी राहीलच, असे नव्हे.

२०२२ पासून ही योजना ‘मिशन शक्ती’मध्ये ‘शक्ती सदन’ या नावाने सामावली गेली. ‘सदन’ परत आले, ‘स्व’ गेला. नोकरदार स्त्रियांसाठी त्याच योजनेत ‘सखी निवास’ आहे. मात्र तेथे जावयाचे तर नोकरी वा तिचे प्रशिक्षण आधी हाती असावे लागते.