तुटणारी गाडी, वाचणारा चालक

29 नोव्हेंबर 2020 रोजी बहरीनच्या फॉर्म्युला वन शर्यतीत रोमां ग्रोजाँची गाडी ताशी 192 किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यावर आदळली. तिचे दोन तुकडे झाले, भडका उडाला. तरी अर्ध्या मिनिटाच्या आत तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. तुटली म्हणून ती गाडी कच्ची ठरत नाही. अशा गाडीचे नाक, चाके, मागचा भाग चुरडत-तुटत धडकेची ऊर्जा खातात आणि चालकाभोवतीचा कार्बन फायबरचा कोश शाबूत राहतो. ग्रोजाँचे डोके वाचवणाऱ्या ‘हेलो’ या टायटॅनियमच्या कमानीला 2018 पूर्वी कुरूप म्हणून किती नावे ठेवली होती!

म्हैसूर–बंगळुरू महामार्गावर चेपलेली गाडी दिसली की जुन्या जाड पत्र्याची आठवण काढणारे भेटतात. पण न दबणारा पत्रा धक्का थेट माणसापर्यंत पोचवतो. शर्यतीतला चालक सहा टोकांच्या पट्ट्याने जखडलेला असतो, समोरून किंवा आडवे कोणी येत नाही, महामार्गावर तसे नसते, हा आक्षेप खराच. म्हणूनच 1 ऑगस्ट 2023 पासून या महामार्गाच्या मुख्य मार्गिकांवर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टरना घातलेली बंदी मला योग्य वाटते. गावकऱ्यांना सेवारस्त्याचा वळसा पडतो, तरीही. मात्र ताशी 100 ची मर्यादाही तितक्याच काटेकोरपणे पाळली गेली पाहिजे. वेग 80 वरून 120 वर गेला की ऊर्जा दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते, आणि ती शोषायला पुढचा भाग तेवढाच असतो. मागच्या सीटवर पट्ट्याविना बसलेल्याला तर त्या भागाचा फारसा उपयोगच होत नाही: गाडी थांबते, तो पुढे जात राहतो.