कुलंट घेताना रंग नको, रेडिएटर बघा



बंदीचे दिवस आहेत. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर जेटीला. आपण जाळी शिवतो, बोटीचं इंजिन खोलतो, रंग काढतो. पण जेटीवरून मासळी बाजारात नेणारी जुनी गाडी मात्र तशीच अंगणात उभी असते. तिच्या रेडिएटरची टोपी कोणी उघडून बघत नाही. आम्हीही बघत नव्हतो.

गेल्या सीझनची गोष्ट. घरची जुनी पिकअप मासळी भरून बेळगावला निघाली होती. भाऊ चालवत होता, मी शेजारी. चोर्ला घाटात टेंपरेचरचा काटा वर चढला. "वर पोचलो की थांबू" म्हणून गाडी तशीच दामटली. पोचलो नाही. बॉनेटमधून वाफ, मागे बर्फाचं पाणी रस्त्यावर. दुसरी गाडी येईपर्यंत उजाडलं, बाजार उठला, माल मिळेल त्या भावाला द्यावा लागला. वर हेड वाकलं, गॅस्केट गेलं, तो खर्च वेगळा.

गॅरेजमध्ये रेडिएटर खोलला तर आत अर्धा भाग राडीने बुजलेला. कारण विचारलं तेव्हा आमचीच मान खाली गेली. मूळचं कुलंट हिरवं होतं. मध्येच कमी झालं म्हणून रस्त्यावरच्या दुकानातून गुलाबी आणून ओतलं. नंतर कमी पडेल तसं विहिरीचं पाणी. तीन वेगवेगळ्या गोष्टी एका पोटात.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कुलंट कशाला, असं पुष्कळजण विचारतात. कुलंटची दोन कामं आपल्याकडेही आहेत. एक, पाणी १०० अंशाला उकळतं, तर निम्मं कुलंट निम्मं पाणी असं मिश्रण साधारण १०७ अंशाला, आणि टोपीच्या दाबामुळे त्याहूनही वर. दुसरं आणि मोठं काम म्हणजे आतून गंज रोखणं. गंज रोखणारी ही औषधं हळूहळू संपतात. म्हणून डबा भरलेला दिसला तरी कुलंट जुनं झालेलं असू शकतं.

प्रकार ढोबळमानाने दोन. जुन्या पद्धतीचं कुलंट सिलिकेट, फॉस्फेटवालं असतं. ते धातूवर लगेच थर धरतं, पण साधारण दोन वर्षांत बदलावं लागतं. नव्या पद्धतीचं, ज्याला ओएटी म्हणतात, ते पाच वर्षांपर्यंत चालतं. दोन्हींचं मिश्रण असलेलं हायब्रिडही मिळतं. तांब्या-पितळेचा, सोल्डरने जोडलेला रेडिएटर असलेल्या जुन्या गाडीला साधारणपणे जुन्या पद्धतीचंच बरं. ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि वर प्लॅस्टिकची टाकी असेल तर गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घ्यावं. पुस्तक हरवलं असेल तर त्या कंपनीच्या पार्ट्सच्या दुकानात मॉडेल आणि साल सांगून विचारा.

रंगावर मात्र जाऊ नका. हिरवा, गुलाबी, निळा हा नुसता रंग आहे, प्रत्येक कंपनी आपापला घालते. डब्यामागचं बारीक अक्षर वाचा. आयएस ५७५९ हा भारतीय मानकाचा नंबर आहे का, प्रकार कोणता, आणि माल तयार मिश्रण आहे की कॉन्सन्ट्रेट, हे बघा. तयार मिश्रणात पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट नुसतंच ओतायचं नाही, कारण पाण्याशिवाय ते उष्णता कमी वाहून नेतं.

पाणी डिस्टिल्डच हवं, म्हणजे बॅटरीत घालतो ते. आपल्या किनाऱ्यावरच्या विहिरींना क्षार असतात, काहींना खारटपणाही. क्षारांचा थर आत बसतो आणि खारटपणाने धातू खातो.

आत काय आहे ते ठाऊक नसेल तर वरून भर घालू नका. इंजिन गार असताना सगळं काढा. साधं पाणी भरून गरम होईपर्यंत चालवा, गार होऊ द्या, पुन्हा काढा. स्वच्छ निघेपर्यंत हेच. शेवटची धुणी डिस्टिल्डने. धुतल्यावर थोडं पाणी इंजिनातच राहतं. म्हणून एकूण ८ लिटरची जागा असेल तर आधी ४ लिटर कॉन्सन्ट्रेट ओता, मग डिस्टिल्डने भरा. हवा निघून गेली की पातळी परत बघा. होसपाईप फुगलेले असतील, टोपीचं रबर गेलं असेल तर तेही याच वेळी बदला. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची सवय सोडा. त्याने इंजिन गार चालतं आणि डिझेल जास्त पितं. खरा रोग तसाच राहतो.

बोटीलाही हेच लागू. हीट एक्सचेंजरवाल्या इंजिनात आतल्या बाजूला गोडं पाणी आणि कुलंट, बाहेरून समुद्राचं पाणी. आतल्या बाजूला खारं पाणी कधी घालू नका. नाईलाजाने घातलंच तर जेटीला लागताच धुऊन काढा. झिंक झिजलं असेल तर आत्ताच बदला. वेट लायनरच्या इंजिनात लायनरला बाहेरून बारीक भोकं पडतात, त्यासाठी हेवी ड्युटी डिझेलचं कुलंट येतं. इंजिनवाल्याला विचारून तेच घ्या.

दोन गोष्टी जिवाच्या. गरम इंजिनाची टोपी उघडू नका, तोंड-हात भाजतात. आणि काढलेलं कुलंट अंगणात, गटारात, खाडीत टाकू नका. चवीला ते गोड असतं आणि विषारी असतं. मांजर, कुत्रं चाटतं, लहान मूलही तोंड लावेल. कॅनमध्ये भरून झाकण लावा, नाव लिहा आणि गॅरेजला द्या.

काटा वर चढला की गाडी तिथेच बाजूला घ्या, मागे कितीही माल असो. अर्धा तास गेला तरी हेड वाचतं. कुलंटचा डबा शेकड्यांत येतो, हेडचं काम हजारांत जातं. आम्ही ते भरून शिकलो, तुम्ही वाचून शिका.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देण्याआधी एकदा गाडीचीही टोपी उघडून बघा.

आपला,
सचिव