अस्थिमज्जारोपण, मनःस्थिती आणि रुग्णाची बोली

रक्ताच्या कर्करोगात अस्थिमज्जारोपण झाल्यावर रुग्ण जगेल की नाही, हा प्रश्न सामान्यतः शरीरशास्त्राचा मानला जातो. त्याची मनःस्थिती या हिशेबात धरावी काय, आणि धरावयाची तर ती कोणत्या भाषेत विचारावी, हे येथे पाहावयाचे आहे.

भारतातील पहिले यशस्वी रोपण मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी एका नऊ वर्षांच्या मुलीवर केले. मज्जा तिच्या भावाची होती. रोपणापूर्वी प्रखर औषधांनी रुग्णाची मज्जा नष्ट करतात. नवी मज्जा रुजेपर्यंत जंतुसंसर्गाच्या भयाने त्यास काही आठवडे एकान्तात ठेवावे लागते. मुंबईस गेलेल्या जळगाव-धुळ्याच्या रुग्णास हा एकान्त घरापासून तीन-चारशे किलोमीटरांवर काढावा लागतो.

१९९१ साली अमेरिकेत कोलॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १०० रुग्णांच्या नोंदी तपासल्या. रोपणापूर्वी खिन्न असलेल्या १३ जणांपैकी १२ जण वर्षाच्या आत दगावले. तथापि १३ ही संख्या फार लहान आहे, आणि पुढील काही अभ्यासांत हा संबंध आढळला नाही. शिवाय खिन्नतेने मृत्यू ओढवला, की आत बळावणाऱ्या रोगानेच खिन्नता आणली? ‘मन खंबीर ठेवा, म्हणजे जगाल’ हा उपदेश या पुराव्यावर टिकत नाही. दगावलेल्यास तो दोषी मात्र ठरवितो.

खिन्नता मोजण्यासाठी झिगमंड व स्नेथ यांची १९८३ ची १४ प्रश्नांची मापिका रूढ आहे. निद्रानाशासारखी लक्षणे रोगामुळेही उद्भवतात, म्हणून ती तीतून हेतुतः वगळली आहेत. अर्थात् सारा भार शब्दांवर पडतो. तीतील एका प्रश्नात इंग्रजी वाक्प्रचाराप्रमाणे भीतीने पोटात फुलपाखरे उडतात. आपल्या पोटात गोळा येतो! धुळ्याकडील अहिराणीभाषक तर एवढेच म्हणेल, ‘माले गमत नही’. खिन्नता, उदासी, करमेनासे होणे हे सारे त्यात सामावते. प्रमाण मराठीतील पर्यायांपुढे खूण करताना तो अडखळेल. जळगावच्या पूर्वभागातील लेवा बोलीस अहिराणी भाषांतर चालेल, असेही गृहीत धरू नये.

आणखी एक अडचण व्याकरणाबाहेरची आहे. प्रश्न समजावून सांगणारा पुष्कळदा घरचाच माणूस असतो, कधी मज्जा देणारा भाऊच. त्याच्या देखत रुग्ण ‘बरे आहे’ यापलीकडे काय सांगणार? निदान ही १४ उत्तरे तरी, भाऊ खोलीबाहेर असताना, रुग्णाची बोली जाणणाऱ्या परक्या माणसाने घ्यावीत.