महाराष्ट्र स्कूटर्स: स्कूटर न बनवणाऱ्या या कंपनीचा शेअर इतका महाग कसा?

शेअर बाजारात 'महाराष्ट्र स्कूटर्स' नावाची एक कंपनी आहे. तिच्या एका शेअरने 10 हजार रुपयांचा टप्पाही ओलांडला आहे. नाव वाचून कुणालाही वाटेल की ही इलेक्ट्रिक स्कूटर बनवणारी नवी कंपनी असावी. पण कंपनी 1975 सालची आहे, साताऱ्याची आहे आणि 2006 नंतर तिने एकही स्कूटर बनवलेली नाही.

मग हा पैसा आला कुठून? आणि या कंपनीत सरकारचा जो मोठा वाटा होता, त्याचं काय झालं?

साताऱ्यात स्कूटर कशी आली?

1970 च्या दशकात स्कूटर घ्यायची तर आधी पैसे भरून नंबर लावावा लागायचा आणि मग वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. किती गाड्या बनवायच्या हे कंपनी ठरवत नव्हती, सरकारी परवाना ठरवत होता. तेव्हा अनेक राज्यांनी स्वतःच स्कूटर उद्योगात उतरायचं ठरवलं. गुजरातची 'गिरनार' आणि कर्नाटकची 'फाल्कन' या त्याच काळातल्या.

महाराष्ट्राने थोडा वेगळा रस्ता धरला. स्कूटर बनवण्याचा अनुभव असलेल्या बजाज ऑटोलाच सोबत घेतलं. राज्य सरकारचं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांच्यात 1974 मध्ये करार झाला. महामंडळाकडे 27 टक्के शेअर्स, बजाजकडे 24 टक्के आणि उरलेले 49 टक्के लोकांकडे, अशी वाटणी ठरली.

सातारा एमआयडीसीत कारखाना उभा राहिला आणि तिथून 'प्रिया' बाहेर पडली. 150 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, हाताने बदलायचे गिअर आणि चेतकपेक्षा लहान चाकं. अनेक मराठी घरांत आलेली पहिली स्कूटर हीच होती.

मग स्कूटर बंद का पडली?

1980 च्या दशकात बाजार बदलायला लागला. बिनगिअरची कायनेटिक होंडा आली, कमी पेट्रोल पिणारी हिरो होंडाची मोटरसायकल आली. 1991 नंतर परवाना राजही गेलं. प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर टू-स्ट्रोक इंजिनांची अडचण वाढली. पुढे बजाजनेही गिअरच्या स्कूटरमधून अंग काढून घेतलं. साताऱ्याच्या कारखान्याची सगळी भिस्त बजाजवरच होती, त्यामुळे 2006 मध्ये तिथली स्कूटरही थांबली. कंपनीकडे साचे आणि यंत्रांना लागणारी साधनं बनवण्याचं छोटं काम उरलं.

खरा पैसा कुठे होता?

चांगल्या दिवसांत झालेल्या नफ्यातून कंपनीने बजाज समूहातल्या कंपन्यांचे शेअर्स घेऊन ठेवले होते. 2008 च्या सुमारास बजाज ऑटोचं विभाजन झालं. त्यामुळे जुन्या एका शेअरच्या जागी बजाज ऑटो, बजाज फिनसर्व्ह आणि बजाज होल्डिंग्ज अशा तीन कंपन्यांचे शेअर्स हातात आले. बजाज फायनान्सचे शेअर्सही होतेच. या कंपन्या वाढत गेल्या, तशी महाराष्ट्र स्कूटर्सची तिजोरी भरत गेली.

सरकारचा वाटा 151 रुपयांत कसा गेला?

2003 मध्ये महामंडळाने आपला 27 टक्के हिस्सा विकायचं ठरवलं. करारात एक कलम होतं: एका भागीदाराला शेअर्स विकायचे असतील तर आधी दुसऱ्याला विचारायचं आणि किमतीवर एकमत झालं नाही तर लवादाकडे जायचं.

एकमत झालं नाही. 2006 मध्ये लवादाने 151 रुपये 63 पैसे असा भाव ठरवला. महामंडळ हायकोर्टात गेलं. 2010 मध्ये एका न्यायमूर्तींच्या पीठाने लवादाचा निवाडा रद्द केला. पब्लिक कंपनीचे शेअर्स कुणालाही विकता आले पाहिजेत, त्यावर अशी अट चालत नाही, असं त्यांचं मत होतं. 2015 मध्ये खंडपीठाने ते फिरवलं. दोन भागीदारांनी राजीखुशीने केलेला करार त्यांना बांधील असतो, असा त्याचा अर्थ. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं.

तोवर बाजारात हा शेअर 2 हजार रुपयांच्या पुढे गेला होता. लवादाचा भाव मात्र 2003 च्या हिशेबातच अडकून राहिला. त्याच वर्षी महामंडळाचा हिस्सा बजाज होल्डिंग्जकडे गेला आणि समूहाचा वाटा 51 टक्के झाला.

स्पेनमध्येही असंच घडलं

मोठ्या भागीदाराने छोट्या कंपनीला सामावून घेणं नवं नाही. बार्सिलोनात 1945 मध्ये सुरू झालेली मोंटेसा ही मोटरसायकल कंपनी 1980 च्या दशकात होंडाकडे गेली. पण मोंटेसाचं नाव निदान होंडाच्या ट्रायल बाइकवर तरी टिकलं. साताऱ्यात उलटं झालं. कंपनीच्या नावात 'स्कूटर्स' राहिलं, स्कूटर मात्र गेली.

यातून काय समजतं?

महामंडळाला कुणी जबरदस्तीने विकायला लावलं नव्हतं. विकायचा निर्णय त्याचाच होता आणि करारावर सहीही त्याचीच होती. 1974 मध्ये हे कलम लिहिताना डोळ्यासमोर होता तो स्कूटरचा कारखाना. पण 45 वर्षांनी त्याच कलमाने जे हातातून गेलं, तो बजाज समूहाच्या शेअर्सने भरलेल्या तिजोरीतला जनतेचा वाटा होता.