रुंद नजरेची भिंगे बंद का झाली?



कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाने कॅमेऱ्याच्या भिंगांवर बोलावे, याचे कोणाला नवल वाटेल. पण एखाद्या मालाचे उत्पादन बंद होते तेव्हा नेमके काय घडते, हा प्रश्न गिरणीच्या दारात जितका खरा आहे तितकाच भिंगाच्या कारखान्यातही खरा आहे. शिवाय भिंगाच्या बाबतीत कारणांची साखळी कडीकडीने दाखवता येते. माझी शाळा लवकर सुटली. जाणत्या कारागिरांना विचारून आणि मिळतील ती पुस्तके वाचून जे उमगले, तेच आपल्यापुढे ठेवतो.

आधी शब्दांची ओळख करून घेऊ. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याचे नेहमीचे भिंग ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे असते. ते सुमारे ४६ अंशांचे दृश्य टिपते. २१ मिलिमीटरचे भिंग सुमारे ९० अंश टिपते आणि १५ मिलिमीटरचे ११० अंश. अरुंद बोळात सभा भरली आहे, मागे सरकायला जागा नाही, आणि सगळी सभा चित्रात हवी आहे; अशा वेळी हे रुंद नजरेचे, म्हणजे वाइड-अँगल भिंगच उपयोगी पडते.

आता कॅमेरा. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात छायाचित्रकार भिंगातून पाहत नाही, वरच्या बाजूच्या वेगळ्या खिडकीतून पाहतो. त्या खिडकीत वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाचे कडे फिरवून त्या एकमेकींवर बसल्या, की अंतर बरोबर जुळले. १९३२ साली जर्मनीत लायका आणि कॉन्टॅक्स या दोन्ही कॅमेऱ्यांत ही सोय आली. या रचनेचा एक फायदा असा, की भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये शटरशिवाय काहीच नसते. त्यामुळे भिंगाची मागची काच थेट फिल्मच्या तोंडाशी नेता येते. मधल्या पडद्याच्या पुढे आणि मागे जवळजवळ सारख्या काचा बसवल्या, तर पुढच्या काचांचे दोष मागच्या काचा बऱ्याच अंशी फेडतात आणि इमारतीची सरळ भिंत चित्रातही सरळ राहते. लुडविग बेर्टेले या आरेखकाचे झाइस कंपनीसाठी केलेले २१ मिलिमीटरचे बिओगॉन भिंग १९५४ साली निघाले, ते याच तत्त्वावर.

मग एवढे चांगले भिंग मागे का पडले? त्याचे पहिले कारण आरसा. १९५९ साली निकॉन एफ हा कॅमेरा बाजारात आला. अशा कॅमेऱ्यात भिंगामागे आरसा असतो. छायाचित्रकार प्रत्यक्ष भिंगातूनच पाहतो, आणि कळ दाबताच आरसा वर उचलला जातो. त्या आरशाला हलायला जागा हवी, म्हणून भिंगाची मागची काच दूर ठेवणे भाग पडते. पॅरिसच्या आंजेन्यू यांनी १९५० साली यावर तोड काढली होती: पुढे एक मोठी अंतर्वक्र काच घालून प्रतिमा मागे ढकलायची. पण त्यात काचा वाढतात, वजन वाढते आणि सरळ रेषांना बाक येऊ लागतो.

म्हणजे रुंद भिंगापुरते पाहिले तर रेंजफाइंडरच सरस होता. तरी तो हरला, कारण गिऱ्हाईक आधी कॅमेरा घेते आणि मग त्याला बसणारे भिंग. १३५ मिलिमीटरच्या पुढे, दूरच्या दृश्यासाठी, रेंजफाइंडर लंगडा पडतो. अगदी जवळच्या वस्तूसाठीही तीच गत. वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराला सगळी कामे करणारा एकच कॅमेरा हवा होता. तो मिळाला, आणि रेंजफाइंडरचा खप आटला. कॅमेरा गेला तशी त्याच्या आधाराने जगणारी भिंगेही गेली. भिंगाचा स्वतःचा अपराध यात काहीच नव्हता.

नावांची कथा याहून बोलकी आहे. फोग्टलेंडर ही पेढी १७५६ साली व्हिएन्नात स्थापन झाली आणि पुढे ब्राउनश्वाइगला गेली. १९७०नंतरच्या वर्षांत तिथला कारखाना बंद पडला, पण नाव मात्र विकले जात राहिले. १९९९ साली जपानच्या कोसिना कंपनीने त्याच नावाने १५ मिलिमीटरचे हेलिआर भिंग काढले. काचा आठ, वजन जेमतेम शंभर ग्रॅमच्या आसपास. सदऱ्याच्या खिशात मावावे असे.

एवढ्यात दुसरे कारण उभे राहिले. फिल्मवर प्रकाश तिरका पडला तरी ती तो बराचसा सामावून घेते. डिजिटल कॅमेऱ्यातल्या संवेदकाला तो शक्यतो सरळ पडलेला लागतो. मागची काच जवळ असली, की कडेचे किरण फार तिरके येतात. मग चित्राच्या कडा काळवंडतात आणि त्यांवर जांभळट झाक येते. कालचा गुण तो आजचा दोष ठरला. २०१५ साली त्याच हेलिआरची नवी घडण निघाली. काचा अकरा झाल्या आणि वजन अडीचशे ग्रॅमच्या घरात गेले. भिंग डिजिटलला चालू लागले, पण खिशातले ते छोटे भिंग बंद झाले.

तिसरे कारण निव्वळ हिशेबाचे. जपानच्या क्योसेरा कंपनीने २००५ साली कॉन्टॅक्स कॅमेऱ्यांचा धंदा आवरता घेतला. त्याबरोबर कॉन्टॅक्स जी या कॅमेऱ्याची १६, २१ आणि २८ मिलिमीटरची भिंगेही थांबली. त्याच वर्षी निकॉनने जुना एसपी रेंजफाइंडर ३५ मिलिमीटरच्या भिंगासह पुन्हा घडवला, पण नग फक्त २,५००, आणि तेही हौशी संग्राहकांसाठी. कामाची वस्तू शोभेची होऊन परत आली.

हे वाचताना मला गिरणगाव आठवते. १९८२च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक मिटल्या, आणि मागावर उमर घालवलेल्या माणसांनी पहारेकऱ्याची नोकरी धरली किंवा भाजीची पाटी उचलली. त्यांच्या हातांत खोट नव्हती. ज्या मागाला ते हात जोडलेले होते तो माग उठला होता. तरी लोक म्हणाले, ही माणसे जुनी झाली. म्हणून माझी विनंती अशी आहे, की ‘जुने झाले, बंद केले’ असे कोणी सांगितले तर दोन प्रश्न विचारावेत. ती वस्तू खरोखर निकामी झाली, की तिला धरून ठेवणारे दुसरे काही गेले? आणि तिच्या घडणीचे ज्ञान आता कोणाच्या हातात आहे?

लायका आणि कोसिना आजही रेंजफाइंडरसाठी भिंगे करतात, म्हणजे हे ज्ञान अजून पुरते विझलेले नाही. आपल्यापैकी कोणाच्या कपाटात वडिलांचा असा कॅमेरा असेल, तर तो भंगारात घालू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, म्हणून तो कोरड्या, हवेशीर जागी ठेवावा, अधूनमधून उजेडात काढावा, आणि दुरुस्ती जाणणारा जुना कारागीर गावात असेल तर त्याच्या हाताखाली एखादा मुलगा किंवा मुलगी शिकायला बसवावी. कारखान्याने माल बंद केला तरी विद्या चालू ठेवणे आपल्या हाती आहे.